उपासना, गिटार आणि कृत्रिम नाद

मनुष्य देवापुढें उभा राहिला कीं त्याला आपला नुसता कंठ अपुरा वाटूं लागतो. कोणी टाळ हातीं घेतो, कोणी शंख फुंकतो, कोणी घंटा वाजवितो. पण ज्या क्षणीं वाद्य हातीं येतें त्याच क्षणीं मनांत एक शंकाहि शिरते : हें जें मला आंतून हालवीत आहे तें देवाचें सान्निध्य, कीं या वाद्याची करामत? ही शंका फार जुनी आहे, आणि प्रत्येक काळीं ती नवें रूप घेते. तिचें आजचें एक रूप असें आहे कीं, त्यांत नीतीचा कांहीं प्रश्न असेल हें प्रथमदर्शनीं कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं. ख्रिस्ती उपासनेंत विजेची गिटार वाजविणाऱ्या वादकाच्या पायांशीं ज्या लहान लहान पेट्या मांडलेल्या असतात, त्यांच्याविषयीं मी बोलत आहें.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांतील पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आज रविवारच्या उपासनेला ऑर्गन वाजत नाहीं. तेथें व्यासपीठावर ड्रम, बेस, कीबोर्ड आणि एक दोन गिटारी असतात. विजेच्या गिटारीचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण. पोलादी तारेखालीं लोहचुंबक आणि त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली म्हणजे वेटोळ्यांत तसाच कंप पावणारा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हा प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जाण्यापूर्वीं वाटेंत कांहीं पेट्यांमधून जातो. त्या पायानें चालू-बंद करावयाच्या असतात, म्हणून त्यांना पेडल म्हणतात. एक पेटी प्रवाहाच्या लाटेचे माथे छाटून आवाजाला खरखरीत धार आणते. दुसरी तोच आवाज ठराविक अंतरानें पुन्हा पुन्हा ऐकविते. तिसरी त्याला एखाद्या प्रचंड दगडी मंदिरांतला घुमारा देते. वादक हातांनीं वाजवितो खरा, पण आपण ऐकतों तें निम्मेंअधिक त्याच्या पायांनीं घडविलेलें असतें.

यांतल्या दोन युक्त्या उपासनेच्या वादकांना विशेष प्रिय आहेत. पहिली प्रतिध्वनीची. समजा, गाण्याची गति मिनिटाला १२० मात्रा आहे. म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. प्रतिध्वनि पाऊण मात्रेनें, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांनीं, परत यावा अशी योजना केली, तर वादकानें अर्ध्या मात्रेला एक याप्रमाणें साधे स्वर छेडले तरी मधल्या मोकळ्या जागा प्रतिध्वनीनें भरून निघतात, आणि ऐकणाराला दुप्पट स्वरांची धावती झड ऐकूं येते. आयर्लंडच्या यू टू या वाद्यवृंदांतील एज या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वादकानें ही रीत जगापुढें आणली; १९८७ सालच्या ‘द जोशुआ ट्री’ या संग्रहाचा आरंभच तिनें होतो. पुढें उपासनासंगीतानें ती इतकी आपलीशी केली कीं, पुष्कळ तरुणांना ती चर्चमध्येंच जन्मली असें वाटत असावें.

दुसरी युक्ति याहून सूक्ष्म आहे. तार छेडतांना पायाखालच्या पेडलानें आवाज पुरता मिटवून ठेवावयाचा, आणि छेडून झाल्यावर तो हळूहळू उघडावयाचा. त्यामुळें नखीचा आघात ऐकूंच येत नाहीं. ज्या आघातावरून येथें कोणी माणूस तार छेडीत आहे हें आपणांस कळतें, नेमका तोच गाळला जातो. स्वर कोठून तरी धुक्यासारखा वर येतो, पसरतो आणि विरतो. त्याला आरंभ नसतो, कर्ता नसतो. पाळक प्रार्थना करीत असतां हा नाद त्याच्या शब्दांखालीं पसरून राहतो. अशा नादाच्या पट्ट्या बाराहि स्वरस्थानांत आधींच मुद्रित करून ठेवलेल्या मिळतात. तेव्हां पुष्कळदां तर वादकाचीहि गरज उरत नाहीं. माझा सगळा प्रश्न या दुसऱ्या युक्तीशीं निगडित आहे. हात लपविणारी ही कला नम्रतेची आहे कीं फसवणुकीची?

हीं साधनें चर्चमध्यें आलीं कशीं, तें थोडक्यांत सांगतां येईल. त्यांचा जन्म सर्वस्वीं लौकिक आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेंत नॅशव्हिल येथें एका ध्वनिमुद्रणाच्या वेळीं यंत्र बिघडलें आणि वाद्याचा आवाज फाटका, गुरगुरता निघाला. तो बिघाडच लोकांना आवडला, आणि पुढच्याच वर्षीं, १९६२ मध्यें, तोच फाटकेपणा मुद्दाम उत्पन्न करणारें पेडल बाजारांत आलें. इकडे कॅलिफोर्नियांत त्या दशकाच्या अखेरीस घरदार सोडून भटकणाऱ्या तरुणांमध्यें ख्रिस्तभक्तीची एक लाट उसळली. त्या तरुणांनीं आपलीं गाणीं आणि आपल्या गिटारी बरोबर घेऊनच चर्चचा उंबरठा ओलांडला. अशा संगीताच्या प्रकाशनासाठीं १९७१ मध्यें तेथें ‘मारानाथा म्युझिक’ ही संस्था निघाली. पुढें सिडनीचें हिलसाँग, कॅलिफोर्नियांतील रेडिंग येथील बेथेल यांसारख्या मंडळ्यांचीं गीतें जगभर पसरलीं, आणि गीतांबरोबर तो विशिष्ट नादहि पसरला. आपल्याकडेहि शहरांतल्या कांहीं मंडळ्यांत तरुण वादक गिटार आणि पेडलें घेऊन उभे राहतात. प्रश्न दूरच्या देशांत उपजला असला तरी तो आपल्या दाराशीं येऊन ठेपला आहे.

या साधनांवर पहिला आक्षेप घेतला जातो तो असा कीं, हा नाद कृत्रिम आहे आणि देवापुढें कृत्रिम वस्तु आणूं नये. आक्षेप ऐकावयास बरा वाटतो, पण क्षणभर विचार केला तर टिकत नाहीं. जगांत अकृत्रिम वाद्य आहेच कोठें? आपल्या तंबोऱ्याचेंच पहा. तारेखालीं सुताचा बारीकसा दोरा सरकवून जवारी लावली कीं एकाच तारेंतून स्वरांचा थवा निघतो. तो दोरा काढला तर तंबोरा मुका वाटतो. पखवाजाच्या धुमेला कणीक लावल्याशिवाय त्याला गांभीर्य येत नाहीं. दोरा आणि कणीक यांना आपण कृत्रिम म्हणत नाहीं, कारण तीं जुनीं आहेत. मग तारेखालच्या दोऱ्यानें जें साधतें तेंच विजेच्या पेटीनें साधलें, तर त्यांत पाप तें कोणतें?

ख्रिस्ती मंदिरांचा इतिहासहि हेंच सांगतो. कॉन्स्टँटिनोपलचें हागिया सोफिया हें मंदिर ५३७ मध्यें पुरें झालें. त्याच्या घुमटाखालीं उच्चारलेला स्वर दहा सेकंदांहून अधिक काळ रेंगाळतो. तेथें गाणाऱ्यांचा आवाज स्वर्गांतून उतरल्यासारखा वाटे, तो कांहीं त्यांच्या कंठाचा गुण नव्हे. दगडाचा आणि संगमरवराचा. आज पुष्कळ मंडळ्या बसक्या छपरांच्या, गालिचे अंथरलेल्या सभागृहांत जमतात. तेथें स्वर उच्चारतांच मरून पडतो. गवंड्यानें जें काम दगडांत केलें तें तंत्रज्ञानानें मुठीएवढ्या पेटींत केलें, एवढाच काय तो भेद. स्वर हळूहळू फुगविण्याची कल्पनाहि गिटारवाल्यांची नव्हे. १७१२ मध्यें लंडनच्या सेंट मॅग्नस या चर्चमधील ऑर्गनाच्या नळ्या एका पेटींत कोंडून, पेटीची झडप सरकवून आवाज वाढविण्याची सोय करण्यांत आली होती. धार्मिक म्हणून आज ज्या ऑर्गनाचा गौरव होतो, त्याच्या पोटांत हीं सगळीं साधनें केव्हांपासून दडलेलीं आहेत.

आणि जें आज परकें तें उद्यां आपलें होतें, हें सांगण्यास हार्मोनियमहून चांगला साक्षीदार कोणता? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें घडविलेलें हें वाद्य. १८७३ मध्यें अमेरिकन गायक आयरा सँकी या जातीची छोटी पेटी घेऊन एडिंबरोंत गेला, तेव्हां तेथल्या जुन्या वळणाच्या लोकांनीं ‘शिट्ट्यांची पेटी’ म्हणून तिची हेटाळणी केली. आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें तिला बंदी केली, ती तीन दशकें टिकली. तीच पेटी आज गांवोगांवच्या भजनी मंडळांत टाळमृदंगाशेजारीं मांडी घालून बसली आहे आणि तिच्यावांचून भजन सुनें वाटतें. तेव्हां साधन नवें, परकें अथवा यांत्रिक आहे एवढ्यावरून त्याला देवळाबाहेर काढतां येणार नाहीं.

पण म्हणून प्रश्न सुटला असें कोणी समजूं नये. खरा आक्षेप याच्या पलीकडे आहे. नाद कृत्रिम असो वा नसो, त्यानें उत्पन्न झालेली भावना खरी आहे काय? ही चिंता प्रथम ज्यांनीं बोलून दाखविली त्यांत संत ऑगस्टीनचें नांव अग्रभागीं येतें. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागांत तो कबूल करतो कीं, गाइलेल्या वचनापेक्षां गाण्यानेंच आपलें मन अधिक हालतें तेव्हां आपल्या हातून अपराध घडतो, आणि मग तें गाणें न ऐकलें असतें तर बरें असें आपणांस वाटतें. पण त्याच ठिकाणीं त्याला आठवतें कीं, श्रद्धेच्या आरंभीच्या दिवसांत चर्चमधील गाण्यानेंच आपल्या डोळ्यांतून अश्रु आले होते. तो असा दोन्हीं बाजूंनीं ओढला जातो, आणि अखेर कांहींशा संकोचानेंच गाण्याच्या बाजूनें कौल देतो. झुरिकच्या झ्विंग्लीनें हा संकोच ठेवला नाहीं. तो स्वतः अनेक वाद्यें वाजविणारा रसिक होता. तरीहि त्याच्या सुधारणेंत उपासनेंतील वाद्यें बंद झालीं, आणि १५२७ मध्यें झुरिकच्या मुख्य मंदिरांतला ऑर्गन मोडून काढण्यांत आला. संगीताची शक्ति ज्याला ठाऊक नाहीं तो संगीताला भीत नाहीं. झ्विंग्लीला ती ठाऊक होती.

याच्या अगदीं उलट टोंक अमेरिकेचा धर्मोपदेशक चार्ल्स फिनी याचें. १८३५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, धर्मजागृति हा चमत्कार नव्हे; योग्य साधनांचा योग्य उपयोग केला कीं ती येते, जसें पेरलें म्हणजे पीक येतें. देवाच्या आशीर्वादावांचून पीक येत नाहीं हें त्यालाहि मान्य होतें. परंतु एकदां पेरणी आणि पीक हा हिशेब मनांत बसला, कीं माणसाचें लक्ष आशीर्वादाकडून अवजारांकडे वळण्यास वेळ लागत नाहीं. आजच्या उपासनेंतला वादक पुष्कळदां नकळत फिनीचा शिष्य असतो. गाण्याच्या कोणत्या ओळीला कोणतें पेडल दाबलें कीं सभेचे हात वर होतात, हें त्याला अनुभवानें कळलेलें असतें. हें ज्ञान त्यानें विसरावें असें म्हणणें व्यर्थ आहे. तें कळल्यावर त्यानें कसें वागावें, एवढेंच विचारतां येईल.

बायबलांतच या बाबतींत दोन साक्षी आहेत, आणि त्या एकमेकींना पुऱ्या करतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, अलीशा संदेष्ट्यानें भविष्य सांगण्यापूर्वीं एक वादक बोलावून घेतला, आणि तो वाजवीत असतां परमेश्वराचा हात संदेष्ट्यावर आला. नाद हा कृपेची वाट मोकळी करूं शकतो, याला याहून स्पष्ट आधार कोणता हवा? पण आमोस संदेष्ट्याच्या मुखानें तोच परमेश्वर म्हणतो कीं, तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापुढून दूर करा, तुमच्या वीणा मला ऐकावयाच्या नाहींत. न्याय पाण्यासारखा वाहूं द्या. अलीशापुढें जो वादक बसला त्याचें नांवहि कोणी लिहून ठेवलें नाहीं. त्यानें वाट मोकळी केली आणि तो बाजूला झाला. आमोसाला जे वादक नकोसे झाले त्यांच्या नादानें ऐकणाऱ्यांच्या जीवनांत कांहींच बदललें नव्हतें.

आतां त्या लपविलेल्या हाताकडे वळूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नांवाच्या यंत्रज्ञानें एक योजना लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नि पेटविला कीं खालची हवा तापून फुगावी, तिनें एका भांड्यांतलें पाणी दुसऱ्यांत ढकलावें, त्या भारानें दोर ओढले जावे आणि मंदिराचे दरवाजे आपोआप उघडावे. दारांत उभ्या असलेल्या भाविकाला काय दिसे? होम केला आणि देवानें दार उघडलें. यंत्र येथें वाईट नाहीं. उलट तें कौतुकास्पद आहे. वाईट आहे तें एवढेंच कीं, यंत्राच्या कामाचें श्रेय देवाच्या नांवावर जमा व्हावें म्हणूनच तें भुईखालीं लपविलेलें आहे. हागिया सोफियाचा घुमट असें कांहीं लपवीत नव्हता. तो सर्वांच्या डोक्यावर उघडा होता, आणि घुमारा त्याचा आहे हें लहान मुलालाहि कळत होतें.

गिटारवादक या दोहोंच्या मध्यें उभा आहे. त्याच्या पेट्या उघड्यावर मांडलेल्या असतात. त्या अर्थानें तो हेरॉन नव्हे. पण डोळे मिटून प्रार्थनेला बसलेल्या माणसाला पेट्या दिसत नाहींत. त्याला फक्त एवढें जाणवतें कीं, आत्तां आपल्या अंतःकरणांत कांहीं तरी भरून येत आहे. जर त्याला शिकविलें गेलें असेल कीं, हें भरून येणें म्हणजेच पवित्र आत्म्याची उपस्थिति, तर ती पेटी त्याच्यापुरती हेरॉनची भट्टीच झाली. आणि जर त्याला शिकविलें असेल कीं, संगीत मन मऊ करतें, मऊ मनांत बीं पडावें, पण बीं म्हणजे संगीत नव्हे, तर तीच पेटी निष्पाप घुमट झाली. पेटी तीच, पाय तोच, स्वर तोच. मंडळीला काय सांगितलें गेलें आहे त्यावर नीति आणि अनीति ठरते. म्हणून या प्रश्नाचा अर्धा भार वादकावर असला तरी अर्धा पाळकावर आहे, आणि तो त्यानें वादकाच्या गळ्यांत टाकूं नये.

जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन तत्त्वज्ञ धर्मोपदेशकानें १७४६ मध्यें धार्मिक भावनांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या स्वतःच्या मंडळींत भावनेची मोठी लाट येऊन ओसरली होती. लोक रडले होते, मूर्च्छित पडले होते. या सर्वांची त्यानें थट्टा केली नाहीं, आणि पूजाहि केली नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, भावनेची तीव्रता ही ती खरी असल्याचें चिन्ह नव्हे आणि खोटी असल्याचेंहि नव्हे. खरें चिन्ह पुढच्या आचरणांत दिसतें. पेडलांच्या वादाला हा निकाल जसाच्या तसा लागू पडतो. गिटारीच्या नादानें डोळे भरून आले एवढ्यावरून ती भक्ति खोटी ठरत नाहीं. दावीदाच्या वाद्यानें शौल राजाला लाभलेली शांति खोटी कोण म्हणेल? पण डोळे भरून आले एवढ्यावरून ती खरीहि ठरत नाहीं. सोमवारीं सकाळीं त्या माणसाची जीभ, त्याचा हिशेब आणि त्याची दया हीं कशीं आहेत, तें पाहावें लागतें.

हें तत्त्व मान्य केलें म्हणजे एक अनर्थ स्पष्ट दिसूं लागतो, आणि या सर्व चर्चेंत मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी कल्पना करा. तिची सारी श्रद्धा अशा नादानें भरलेल्या सभांत वाढलेली आहे. देव जवळ आला म्हणजे काय होतें, हें तिला ठाऊक आहे : छाती भरून येते, अंगावर कांटा येतो, डोळे पाणावतात. पुढें कधीं तरी तिच्यावर दुःख कोसळतें. रुग्णालयाच्या बांकावर ती एकटी बसली आहे. तेथें घुमारा नाहीं, प्रतिध्वनि नाहीं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी आहे. ती प्रार्थना करूं पाहते आणि कांहींच होत नाहीं. आतां तिनें काय समजावें? देव निघून गेला असें? कीं देव कधीं नव्हताच असें? ज्यांनीं तिला सुंदर नाद दिला त्यांनीं तो प्रेमानेंच दिला. पण नादाखेरीज देवाला ओळखण्याची संवय जर त्यांनीं तिला लावली नसेल, तर ऐन गरजेच्या वेळीं त्यांनीं तिला निराधार केलें असेंच म्हणावें लागेल. पूर्वीचीं जाड्याभरड्या चालीचीं स्तोत्रें पाठ केलेली आजी त्या बांकावर कांहीं तरी पुटपुटूं शकली असती. त्या चालींना कोणत्याहि यंत्राची साथ लागत नव्हती.

यावरून वादकाच्या नीतीचे दोन नियम सहज निघतात. पहिला असा कीं, लोकांचा कंठ हेंच उपासनेचें मुख्य वाद्य. इतर सर्व त्याच्या साथीला. ज्या क्षणीं लोक गाणें थांबवून ऐकूं लागतात त्या क्षणीं साथ आपली पायरी सोडून वर चढली असें समजावें. वादकाला याची परीक्षा सोपी आहे. मध्येंच वीज गेली, तर गाणें पुढें चालू राहील काय? चालू राहत असेल तर त्याच्या पेट्यांनीं कांहीं बिघडविलें नाहीं. दुसरा नियम असा कीं, नाद आणि मागणी यांची गांठ घालूं नये. वर्गणीचें आवाहन, जीवन समर्पण करण्याचें आवाहन, उठून पुढें येण्याचें आवाहन, हीं करीत असतां स्वर हळूहळू फुगवीत नेणें ही मनावर केलेली जबरदस्ती आहे; मग ती कितीहि मधुर असो. निर्णय मागावयाचा तर तो शांततेंत मागावा, म्हणजे देणाराला तो आपला आहे याची खात्री राहील. कथा-कीर्तनाचा विक्रय करणाऱ्यांवर तुकोबांनीं केवढे कठोर प्रहार केले, हें मराठी वाचकांना सांगावयास नको. भक्ति जागी करण्याचें सामर्थ्य ज्याच्या हातीं आहे त्यानें तिची किंमत वसूल करूं नये, हें तत्त्व पंढरीच्या वाटेवर जसें खरें तसेंच सिडनीच्या सभागृहांतहि.

वादकाच्या स्वतःच्या मनाविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. पेडलांचा मोह मोठा चमत्कारिक असतो. प्रत्येक नवी पेटी घेतांना असें वाटतें कीं, हिच्यानंतर आपला नाद पूर्ण होईल. आणि पेटी घरीं येतांच अपूर्णता एक पाऊल पुढें सरकते. हा मोह सर्वच वादकांना असतो. पण उपासनेच्या वादकाजवळ त्याचें समर्थन करण्यास एक असें कारण असतें कीं त्यापुढें कोणाची जीभ उचलत नाहीं. तो म्हणतो, हें मी प्रभूसाठीं घेत आहें. तें खरेंहि असूं शकेल. बाखनें आपल्या कित्येक रचनांच्या शेवटीं केवळ देवाच्या गौरवार्थ या अर्थाचीं तीन अक्षरें लिहिलीं, आणि त्याच रचना त्यानें जितक्या निर्दोष करतां येतील तितक्या केल्या. देवापुढें ठेवावयाची वस्तु हलगर्जीपणानें करावी असें कोणीच म्हणणार नाहीं. मात्र बाख ज्या तयारीनें लिहीत होता त्याच तयारीनें न ऐकला जाण्याची तयारीहि पाहिजे. ज्या रविवारीं त्याची गिटार मिश्रणांत बुडून गेली आणि मंडळी मात्र भरभरून गाइली, त्या रविवारीं वादक घरीं प्रसन्न मनानें जातो कीं खट्टू होऊन, यावरून तो कोणासाठीं वाजवितो हें त्याचें त्यालाच कळेल. आणि तेव्हां हात लपविण्याच्या त्या युक्तीचा अर्थहि त्याला कळेल. लोकांनीं देवाचा हात समजावा म्हणून आपला हात लपविणें हें कपट. लोकांचें लक्ष आपल्यावरून उडावें म्हणून लपविणें हा विनय. बाहेरून दोन्हीं सारखींच ऐकूं येतात.

इंग्लंडांतील वॉटफर्ड येथल्या एका मंडळींत १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत घडलेली गोष्ट या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. संगीतानें ती मंडळी नांवाजली होती. तेथील पाळकाला वाटूं लागलें कीं, लोक उपासना करावयास न येतां ती ऐकावयास येऊं लागले आहेत. त्यानें कांहीं काळ वाद्यवृंद आणि ध्वनियंत्रणा दोन्हीं बंद केलीं, आणि लोकांना विचारलें कीं, तुम्हीं देवापुढें स्वतः काय घेऊन आलां आहां? आरंभीं अवघड शांतता पसरली. मग हळूहळू लोक नुसत्या कंठानें गाऊं लागले, उघडपणें प्रार्थना करूं लागले. मॅट रेडमन या तेथल्या तरुण गीतकारानें त्या अनुभवावर एक गीत रचलें आणि तें जगभर गेलें. गंमत अशी कीं, संगीत बाजूला ठेवल्याच्या अनुभवांतून जन्मलेलें हें गीत आज ठिकठिकाणीं गिटारींच्या भरघोस साथींत गाइलें जातें. कोणी यावर हसेल. मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. त्या मंडळींतहि वाद्यें पुढें परत आलीं. पण आपण त्यांच्यावांचून उभे राहूं शकतों हें कळल्यानंतर आलीं. आपल्याकडे एकादशी करणारा मनुष्य अन्नाला शत्रु मानीत नाहीं. द्वादशीला तो आनंदानें जेवतो. उपवासानें त्याला एवढेंच कळतें कीं, अन्न आपलें धनी नव्हे. नादाचीहि अशी एखादी एकादशी प्रत्येक मंडळीनें पाळावी, आणि ती संकट आल्यावर नव्हे, सगळें सुरळीत चाललें असतां पाळावी.

याच संदर्भांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें स्मरण होतें. १८९५ मध्यें ख्रिस्ती झालेल्या या कवीनें पाहिलें कीं, इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित स्तोत्रें मराठी माणसाच्या ओठांवर परक्यासारखीं राहतात. त्यांनीं अभंग रचले, पदें रचलीं, ख्रिस्ती कीर्तनें केलीं. त्यांनीं बदललीं तीं केवळ वाद्यें आणि चाली, असें वरवर पाहणाराला वाटेल. वस्तुतः त्यांनीं गाणें व्यासपीठावरून उतरवून लोकांच्या तोंडीं दिलें. शेतांत, स्वयंपाकघरांत, आजाऱ्याच्या उशाशीं तें गातां यावें, अशी त्याची घडण केली. आजच्या गिटारवादकानें टिळकांचा टाळ हातीं घ्यावा असा माझा आग्रह नाहीं. त्याच्या पिढीचा नाद त्याचा आहे. पण आपण वाजवितों तें गाणें सभागृहाबाहेर, पेट्यांवांचून, एकट्या माणसाच्या तोंडीं तग धरील काय, हा टिळकांचा प्रश्न त्यानें स्वतःस अवश्य विचारावा.

तात्पर्य, पेडल हें पाप नव्हे आणि पुण्यहि नव्हे. तें सामर्थ्य आहे, आणि तें ऐकणाराच्या नकळत चालतें म्हणून त्याला उघडपणाची जोड हवी. मंडळीला सांगावें कीं, हा नाद आम्हीं केला. तुमचें मन मोकळें व्हावें म्हणून केला. त्यापुढें जें होईल तें तुमच्या आणि देवाच्या मधलें आहे. एवढें सांगून वादकानें खुशाल वाजवावें, चांगलें वाजवावें, आणि प्रार्थनेचा शेवटचा शब्द येण्याच्या आधीं आवाजाचें पेडल हळूच मिटून घ्यावें. त्यानंतरची शांतता लोकांना रिकामी वाटली नाहीं, तर त्याची सेवा पोंचली असें समजण्यास हरकत नाहीं.